आधी बाजार, मग बेत

नमस्कार श्रोतेहो.

डिसेंबर निम्मा सरला. सध्या भाजीबाजारात पाय टाकला की पिशवी कमी पडते. मेथी, चाकवत, करडई, कांद्याची पात, हिरवा लसूण, पावट्याच्या शेंगा, ओली हळद, लालबुंद गाजरं, घट्ट पांढरा फ्लॉवर. भाजी आवडणाऱ्या माणसाची खरी दिवाळी दिवाळीनंतर सुरू होते आणि साधारण महाशिवरात्रीपर्यंत चालते. तरीही संध्याकाळ झाली की घरोघरी प्रश्न तोच: आज भाजी काय करू?

माझं म्हणणं असं, की हा प्रश्न घरी बसून सोडवायचाच नाही. बेत ठरवून, चिठ्ठी लिहून बाजारात गेलं की आपण चिठ्ठीतलीच भाजी शोधत फिरतो, आणि समोर सकाळीच शेतातून आलेला चाकवत पडलेला असतो तो दिसत नाही. आधी बाजार बघावा. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना विचारावं, "मावशी, आजचं ताजं काय आहे?" त्या सांगतात. गिऱ्हाईक रोजचं असलं तर खरं सांगतात. मग घरी येताना वाटेत बेत ठरतो.

आणि भाजी ताजी असली की बेत सोपाच ठरतो. मटाराचं बघा. शेंग वेलीवरून तोडली की दाण्यातल्या साखरेचं पिष्ट व्हायला लागतं. कालपरवा तोडलेला मटार जिरं, हिरवी मिरची, मीठ एवढ्यावर गोड लागतो. चार दिवस गोणीत राहिलेल्या मटाराला मात्र टोमॅटो, काजू, गरम मसाला, वर चिमूटभर साखर असा सगळा लवाजमा लागतो. हॉटेलवाल्यांचा नाइलाज असतो, त्यांना बाराही महिने एकाच चवीची भाजी द्यायची असते. आपल्यावर ती सक्ती नाही. कोवळ्या मटारावर लाल रस्सा ओतलेला पाहिला की मला त्या मटाराची कीव येते.

मोसम सगळीकडे एकाच वेळी येत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. मटार म्हणजे थंडी असं आपण म्हणतो, पण पुण्याशेजारच्या पुरंदर तालुक्यात, सासवडच्या बाजूला, मटार पावसाळ्यात होतो. गणपतीच्या सुमाराला पुण्याच्या मंडईत येणाऱ्या मटारात तिकडचा माल असतो. आत्ता थंडीत आपल्याकडे येतो त्यात मध्य प्रदेशातला, जबलपूरकडचा पुष्कळ. गाजराचंही तसंच. केशरी गाजर वर्षभर मिळतं. लाल, रसाळ गाजर फक्त थंडीतलं. कोशिंबिरीला आणि हलव्याला ते लालच हवं. पुलावात केशरी टाकलं तर कुणी विचारत नाही. आणि आमचे जे श्रोते बंगळुरूत आहेत त्यांनी आत्ता अवरेकाईवर लक्ष ठेवावं. आपल्या पावट्याचंच ते भावंड, आणि तिथे त्याचा हंगाम डिसेंबर-जानेवारीतच असतो.

आपल्या जुन्या घरांमध्ये हे सगळं पंचांगाच्या आधाराने चालायचं. आषाढात कांदेनवमी आली की कांदा आणि वांगी मनसोक्त खाऊन घ्यायची, कारण पुढे चातुर्मास. भाद्रपदात ऋषिपंचमीला ऋषीची भाजी: अळू, लाल माठ, सुरण, भोपळा, पडवळ, दोडका, मक्याचं कणीस, परसात जे उगवलं ते. बैलाच्या कष्टाचं काही त्या दिवशी चालत नाही. तेला-मसाल्याचा पसारा नाही, हिरवी मिरची, मीठ, खोबरं, बस्स. पावसाळी भाज्यांची मूळ चव कशी असते ते कळायला वर्षातून ही एक भाजी पुरते. मग मार्गशीर्षात चंपाषष्ठी. खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, आणि चातुर्मासात सोडलेलं वांगं त्या दिवसापासून पुन्हा ताटात. पौषात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. या प्रत्येक दिवसाच्या मागे धार्मिक कारणं असतील ती असोत. स्वयंपाक करणारीला त्यातून एवढं कळायचं, की आता शेतात काय तयार आहे.

आता पालेभाजीकडे येऊ, कारण या दिवसांत निम्मा बाजार तोच असतो. मेथीची काडी मोडून बघा. कट्‌कन मोडली तर ताजी, नुसती वाकली तर शिळी. मुंबईकरांना चिमुकल्या जुड्यांची समुद्रमेथी मिळते. ती वाळूत वाढते, म्हणून तिच्या मुळांना रेती फार. पालेभाजी धुवायची एक रीत आहे. खोल पातेल्यात भरपूर पाणी घ्यायचं, भाजी बुडवून हलवायची आणि दोन्ही हातांनी वर उचलून काढायची. माती तळाशी बसते. पातेलं चाळणीत ओतलं तर तीच माती परत भाजीवर. हे पाणी बदलून दोन-तीनदा करावं. आणि धुणं चिरण्याआधी. चिरून मग धुतली की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर मोरीत जातं.

पालेभाजीत दहापैकी जवळपास नऊ भाग पाणीच असतं. म्हणून तिला वरून पाणी घालायची गरज क्वचित पडते. लोखंडी कढईत तेल, मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी किंवा सुकी लाल मिरची, आणि वर चिरलेली भाजी. ढीगभर दिसते, पण दोन मिनिटांत मुठीएवढी होते. मीठ तेव्हा घालायचं, ती बसल्यावर. ढीग बघून मीठ घातलं तर खारट झालीच म्हणून समजा. सुरुवातीला झाकण ठेवू नका. हिरव्या पानांत थोडी आंबट द्रव्यं असतात, झाकण असलं की ती वाफेतून पुन्हा भाजीतच पडतात आणि हिरवा रंग मळकट होतो. चिंच, टोमॅटो, आमचूर काय घालायचं ते याच कारणाने शेवटी. काही जण रंग राहावा म्हणून सोडा टाकतात. रंग राहतो खरा, पण भाजी लगदा होते आणि जीवनसत्त्वांचं नुकसान होतं ते वेगळं.

फळभाजीला मात्र झाकण हवंच, आणि आपल्याकडे त्या झाकणाची एक फार हुशार पद्धत आहे. कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि ताटलीत पेलाभर पाणी. त्या पाण्याने ताटली थंड राहते, आतली वाफ तिला लागून थेंब होते आणि परत भाजीवर पडते. फ्लॉवर, कोबी, दोडका, गवार, कोवळी तोंडली, सगळं असं आपल्याच पाण्यात शिजतं, करपत नाही. कोरडं वाटलंच तर ताटलीतलं कोमट झालेलं पाणी हाताशी आहेच. ज्या कुणी हे पहिल्यांदा केलं त्या बाईचं नाव कुठे नोंदलेलं नाही. नोंदायला हवं होतं.

मेथीची रोज एकच भाजी करून कंटाळा येतो, म्हणून दोन-तीन तऱ्हा सांगते. एक जुडी मेथी परतून घ्यायची आणि भाजी ओलसर असतानाच वरून दोन-तीन चमचे बेसन भुरभुरवायचं, पाच मिनिटं मंद वाफ. ही पीठ पेरून केलेली भाजी. दुसरी, भिजवलेली मुगाची डाळ मूठभर घालून मोकळी परतलेली. आणि तिसरी कच्चीच: घोळाणा. मराठवाड्यात, विदर्भात कोवळी मेथी किंवा हरभऱ्याचा कोवळा पाला बारीक चिरतात, त्यात कांद्याची पात, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल. भाकरीबरोबर एवढं असलं तरी जेवण होतं. चूल पेटवायची ती फक्त भाकरीसाठी.

हरभऱ्याच्या पाल्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण शहरात तो फारसा कुणी घेत नाही. पेरणीनंतर साधारण महिन्याने शेतकरी हरभऱ्याचे शेंडे खुडतात. त्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात, घाटे जास्त लागतात, आणि खुडलेला शेंडा घरी भाजीला येतो. त्या पानांवर आंब, म्हणजे आंबट थेंब, असते. पहाटे शेतात पातळ फडकं पसरून ते पिळून आंब गोळा करायची जुनी रीत आहे. पाला जात्याच आंबट, त्यामुळे चिंच लागत नाही. धुतला तर ती आंबट चव निघून जाते, म्हणून आपल्या ओळखीच्या शेतातला स्वच्छ पाला असेल तर काही जणी धुतही नाहीत. बाजारातला मात्र धुवा, तिथे फवारणीचा भरवसा देता येत नाही. शिजवून घोटायचा, ज्वारीचं पीठ लावायचं आणि वरून लसणाची चुरचुरीत फोडणी. खेड्यात हाच पाला वाळवून डब्यात भरतात, तो उन्हाळाभर पुरतो. करडईच्या कोवळ्या पाल्याचीही अशीच मजा आहे, पण तो लवकर घ्या. झाड मोठं झालं की पानांना काटे येतात.

चाकवत मात्र मी सविस्तर सांगणार, कारण या थंडीत एकच भाजी करायची म्हटलं तर मी चाकवताची पातळ भाजी करीन. गव्हाच्या शेतात तण म्हणून येतं हे झाड, पण ताकाशी त्याचं जे जमतं ते मेथीला जमत नाही. एक मोठी जुडी निवडून, धुऊन, बारीक चिरून घ्या. मूठभर हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन-तीन तास भिजलेले हवेत. डाळ-दाणे एका भांड्यात, पाला दुसऱ्या भांड्यात, कुकरला तीन शिट्ट्या. पाल्याला पाणी घालू नका. कुकर उघडला की पाला रवीने किंवा डावाने घोटा. दोन वाट्या आंबटसर ताकात दोन चमचे बेसन गुठळी न राहता कालवा आणि पाल्यात घाला. शिजलेले डाळ-दाणे, मीठ, गुळाचा छोटा खडा. मंद आचेवर ढवळत एक उकळी येऊ द्या. मोठ्या आचेवर ताक फुटतं. मग लहान कढल्यात तूप किंवा तेल, मोहरी, हिंग, हळद, मेथीचे चार दाणे, सुकी मिरची आणि पाच-सहा पाकळ्या लसूण लालसर होईपर्यंत. ती फोडणी वरून ओता. गरम भात, नाहीतर ज्वारीची भाकरी कुस्करून. दुसरी भाजी, आमटी काही लागत नाही.

अंबाडीलाही हाच मान आहे. मराठवाड्यात, विदर्भात ती ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात आणि जेवताना वाढलेल्या भाजीत खळगा करून त्यात गरम लसणीचं तेल ओततात. तेलाबद्दल डॉक्टर काय म्हणतात ते मला माहीत आहे. ते तेल एक दिवस चालेल.

खानदेशात या दिवसांत भरताच्या पार्ट्या चालू असतात. तिकडची वांगी मोठी, हिरवट पांढरी, बिया कमी. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. ती गॅसवर भाजत नाहीत, कापसाच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात. सोलून लाकडी भांड्यात ठेचतात. हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. टोमॅटोचं नाव नाही. शहरातल्या घरात गॅसवर भाजावं लागलं तरी वांगं निवडताना एवढं बघा: देठ हिरवा, साल चकचकीत, आणि हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं. जड वांग्यात बिया निघतात.

विदर्भात तुरीच्या ओल्या शेंगा येतात. त्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात. सोल्यांची भाजी, सोलेभात. सोले थोडे भरडून परतले, की त्यांचाच रस्सा दाट होतो, वाटण करावं लागत नाही.

रायगडकडे, अलिबागच्या बाजूला, जानेवारीत वालाच्या शेंगांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डा नावाच्या रानवनस्पतीचा पाला, वर शेंगा, जाडं मीठ, ओवा, पुन्हा पाला गच्च भरून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. आत पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. शेंगा त्यांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजतात. गोव्यात तांबडी भाजी अशीच: लाल माठासारखा पाला, कांदा, हिरवी मिरची, स्वतःच्या पाण्यावर शिजू द्यायची आणि उतरवताना ओलं खोबरं. लसणाची फोडणी देणाऱ्या देशावरच्या माणसाने ती एकदा खाऊन बघावी.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं रविवारचं झालं. संध्याकाळी साडेसातला लोकलमधून उतरणाऱ्याने काय करायचं? बरोबर आहे. पालेभाजी निवडायला वेळ लागतो, तो टाळता येत नाही. पण हे भाषण ऐकता ऐकता कुणी मेथी निवडत असेलच, आणि ते काम घरातल्या सगळ्यांचं आहे. बाबांनी आणि दादानेही जुडी पुढे ओढावी. निवडलेली, न धुतलेली भाजी कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते.

आणि ज्या दिवशी तेवढंही होणार नाही त्या दिवशी खिचडी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, आणि दोन वाट्या भाज्या: मटार, फ्लॉवरचे तुरे, गाजर, पावट्याचे दाणे, जे असेल ते. तुपावर जिरं, मिरं, आल्याचा तुकडा, हळद, मग सगळं परतून साडेचार वाट्या गरम पाणी, कुकरला तीन शिट्ट्या. तोवर एक मुळा किसून दही-मीठ घालायचं. मुळ्याचा पाला फेकू नका, उद्या मुगाची डाळ घालून त्याची भाजी होते. फ्लॉवरचा कोवळा दांडाही कापून आमटीत टाकता येतो. मुळा जून होऊन त्याला शेंगा लागल्या, तर त्या डिंगऱ्याही बाजारात येतात. त्या दिसल्या की सोडू नका.

भाज्यांचं प्रमाण मी मुद्दाम जास्त सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, आणि बटाटा त्यात धरत नाही. म्हणजे चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर. आपल्या ताटात पोळ्या चार आणि भाजी डावभर असते. भाजी महाग असताना ते समजू शकतं. आत्ता, जुड्या स्वस्त झालेल्या असताना, हे प्रमाण बदलून बघायला हरकत नाही.

भोगीला अजून महिनाभर आहे, तरी भाजी आजच सांगून ठेवते. पुणे, सातारा, नगरकडे तिला खेंगट म्हणतात. चौघांसाठी: पावट्याचे दाणे एक वाटी, ओला हरभरा अर्धी वाटी, ओले शेंगदाणे अर्धी वाटी, मूठभर मटार, मूठभर मोडलेला घेवडा, दोन गाजरं, चार लहान वांगी, सहा-सात बोरं. चुकायचं ते फक्त क्रमात चुकतं. सगळं एकदम टाकलं तर वांगी विरघळतात आणि पावटा टचटचीत राहतो. म्हणून फोडणीत आधी पावटा आणि शेंगदाणे, गरम पाणी घालून ते निम्मे शिजू द्या. मग हरभरा, मटार, घेवडा, गाजर. वांगी त्यानंतर. बोरं, चिंचेचा कोळ, गूळ, काळा मसाला शेवटच्या दहा मिनिटांत, आणि उतरवण्याआधी दोन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट. बरोबर तीळ थापलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणा, पीठ जुनं झालं की कडू होतं.

ही भाजी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते. संक्रांतीला पोळ्या गुळाच्या, त्यामुळे सकाळी न्याहारीला उरलेलं खेंगट आणि शिळी भाकरी मिळाली तर बरंच वाटतं. तेव्हा करताना थोडी जास्तच करा.

नमस्कार.